कुलचिन्हांचे काळवंडलेले फलक: जपावेत, पण रंगवू नयेत

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये भिंतीच्या वरच्या अंगाला, एका कोपऱ्यावर उभे केल्यासारखे टांगलेले चौकोनी, काळपट फलक दिसतात. त्यांना हॅचमेंट म्हणतात. गावचा जमीनदार किंवा त्याची पत्नी वारली की घराण्याचे कुलचिन्ह फळीवर किंवा लाकडी चौकटीत ताणलेल्या कॅनव्हासवर रंगवून घेतले जाई, शोकाचे काही महिने ते वाड्याच्या दर्शनी भिंतीवर राही आणि नंतर कायमचे चर्चमध्ये येई. ही रीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सकडून आली आणि एकोणिसाव्या शतकात ओसरली; तरीही असे सुमारे साडेचार हजार फलक ब्रिटनमध्ये शिल्लक आहेत. त्यांच्या जोडीला अनेक चर्चमध्ये राजचिन्हाचा एक मोठा फलकही असतो. या साऱ्यांचे पुढे काय करायचे, यावर जो वाद चालतो तो मला दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर उभा राहिलेला वाटतो. फलकांना मूळचे तेज परत मिळवून द्यावे, असा आग्रह धरणारी मंडळी एकीकडे आहेत. जमीनदारांच्या बढाईवर गळक्या छपराच्या चर्चने पैसे का घालवावेत, हे फलक संग्रहालयाला देऊन टाकावेत किंवा सरळ विकावेत, असे म्हणणारे दुसरीकडे आहेत. दोघेही फलकाकडे घराण्याचे चित्र म्हणूनच पाहतात. पहिल्यांना ते चित्र देखणे करायचे आहे, दुसऱ्यांना ते नकोसे झाले आहे. माझे म्हणणे असे की हा फलक मुख्यतः दस्तऐवज आहे, त्याचा पुरावा त्याच्या खराब झालेल्या, खाडाखोड झालेल्या, वरून रंग चढलेल्या थरांतच आहे, आणि म्हणून तो जिथे आहे तिथेच ठेवावा, त्याची झीज थांबवावी, पण त्यावर नवा रंग चढवू नये.

पुन्हा रंगवावे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद उथळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. हेराल्ड्रीत, म्हणजे कुलचिन्हांच्या शास्त्रात, रंग हाच मजकूर असतो. निळ्या ढालीवरचा सोनेरी सिंह आणि लाल ढालीवरचा सोनेरी सिंह ही दोन वेगळी घराणी. आता काळ या मजकुराचे काय करतो ते पाहा. चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळा पडतो, म्हणजे जिथे पांढरे क्षेत्र असायला हवे तिथे काळे दिसू लागते. स्माल्ट नावाची निळ्या काचेची पूड तेलात मिसळून वापरली की कालांतराने तिची राख झाल्यासारखी दिसते. तांब्यापासून केलेला हिरवा तपकिरी होतो, आणि वरचे वॉर्निश पिवळे पडले की टिकून राहिलेला निळासुद्धा हिरवट भासतो. हॅचमेंटवर तर ढालीमागची पार्श्वभूमीही बोलते. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू नवऱ्याची, उजव्या हाताची बायकोची. नवरा गेला आणि बायको मागे राहिली तर डावी अर्धी बाजू काळी आणि उजवी पांढरी, बायको आधी गेली तर याच्या उलट, आणि दोघेही गेलेले असतील तर सगळी पार्श्वभूमी काळी. मेणबत्त्या, कोळशाच्या शेगड्या आणि जुने वॉर्निश यांनी पांढरी बाजू काळवंडली, की खाली उभा असलेला माणूस हयात असलेल्या विधवेलाही मृत समजतो. असा फलक जसाच्या तसा ठेवणे म्हणजे चुकीचा मजकूर जपणे नव्हे काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्यांचा पुढचा मुद्दा आणखी वजनदार आहे. स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेने पुनरुद्धाराला एक सीमा घालून दिली: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनरुद्धाराने थांबावे. भित्तिचित्रातल्या संताचा अर्धा चेहरा गळून पडला असेल, तर उरलेला अर्धा रंगवणारा अंदाजच करीत असतो. कुलचिन्हाचे तसे नाही. त्याचे ठरलेल्या परिभाषेत शब्दवर्णन असते, 1484 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सच्या नोंदींत ते सापडू शकते, आणि त्या वर्णनावरून शंभर चिताऱ्यांनी काढलेली शंभर चित्रे कायद्याच्या दृष्टीने एकच चिन्ह ठरतात. मग इथे तर्काला वावच कुठे उरला? नोंद उघडावी, रंग ठरवावेत आणि फलक पुन्हा उभा करावा.

या युक्तिवादात एक साधी गफलत आहे. नोंदीवरून घराण्याचे चिन्ह परत मिळते. फलक परत मिळत नाही. नोंदीत सिंह कोणत्या रंगाचा आणि कोणत्या पवित्र्यात उभा हे असते, पण त्याच्या शेपटीने किती वळणे घ्यायची, त्याचा जबडा किती उघडा असायचा, शिरस्त्राणाभोवतीच्या पानांच्या वेलबुट्टीत कवटी दडवायची की देवदूताचे मुंडके बसवायचे, हे रंगवणारा ठरवीत असे. हे रंगवणारे बहुतांशी दरबारी कलावंत नव्हते. घोडागाड्यांच्या दारांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर काम करणारे आसपासचे रंगारी हे काम करीत, आणि मृत्यू सांगून येत नसल्यामुळे ते घाईत करीत. पातळ अस्तर, स्वस्त काजळी रंग, सैल ताणलेला कॅनव्हास आणि कधीच सिंह न पाहिलेल्या माणसाने काढलेला, कुत्र्याच्या तोंडवळ्याचा सिंह हे सगळे त्या घाईचे आणि त्या हाताचे पुरावे आहेत. शिवाय नोंद आणि फलक जुळत नाहीत अशी उदाहरणे निघतात, आणि तीच सर्वांत बोलकी असतात. नव्याने श्रीमंत झालेल्या एखाद्या घराण्याने हक्क नसलेले चिन्ह बेधडक लावले असेल, तर नोंद त्याचा हक्क सांगते आणि फलक त्याची हाव सांगतो. नोंदीबरहुकूम फलक दुरुस्त करणारा माणूस या दोहोंपैकी दुसरी साक्ष कायमची पुसून टाकतो. राहिला काळ्या पडलेल्या चांदीचा प्रश्न. ती मुळात चांदी होती, हे सुईच्या टोकाएवढ्या नमुन्यावरून प्रयोगशाळा सांगू शकते. ते कळल्यावर खाली भिंतीलगत मूळ रंगांतले छोटे चित्र आणि चार ओळींचा खुलासा लावला तर विधवा पुन्हा हयात होते, आणि ते कागदी चित्र चुकले तर फाडून दुसरे लावता येते.

राजचिन्हाच्या फलकांकडे वळले की पुनरुद्धारवाद्यांची अडचण अधिकच उघडी पडते. 1534 मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतले आणि त्यानंतर राजाचे चिन्ह देवळात येऊ लागले. कॅथलिक राणी मेरीच्या कारकिर्दीत, 1553 ते 1558 या काळात, ते खाली उतरले. एलिझाबेथच्या काळात पुन्हा वर चढले. नॉरफोकमधल्या टिव्हेट्सहॉल सेंट मार्गारेट या गावी 1587 चे तिचे राजचिन्ह वेदीपुढच्या कमानीची वरची सगळी जागा व्यापून बसले आहे. जिथे पूर्वी क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे नजर जाई, तिथे आता राणीचे चिन्ह दिसावे, अशी ती योजना. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचे मस्तक उडवल्यावर राजचिन्हे पुसण्याचे, फोडण्याचे हुकूम सुटले आणि 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर येताच तीच पुन्हा लावली गेली. 1801 मध्ये इंग्लंडच्या राजांनी 1340 पासून मिरवलेला फ्रान्सच्या गादीचा दावा सोडला आणि चिन्हातली फ्रेंच लिलीची फुले गेली. 1837 मध्ये व्हिक्टोरिया आली तेव्हा हॅनोव्हर या जर्मन राज्याची ढाल गेली. प्रत्येक फेरबदलाला नवा फलक करणे गावाला परवडत नसे. म्हणून जुन्याच फलकावर काम भागवले जाई: ‘चार्ल्स’चे आद्याक्षर ‘सी’ सुधारून ‘जॉर्ज’चा ‘जी’ केलेला, चार्ल्सच्या स्टुअर्ट घराण्याच्या काळातला सिंह आणि एकशिंगी घोडा तसेच ठेवून मधली ढाल तेवढी हॅनोव्हरची बसवलेली. असा फलक म्हणजे फेरफारांच्या नोंदींनी भरलेला सातबारा आहे. त्याला ‘मूळ रूपात’ आणायचे ठरवले, तर कोणत्या राजाच्या रूपात? दुसऱ्या चार्ल्सचे रूप हवे तर जॉर्जचा थर खरवडावा लागेल. जॉर्जचे रूप उजळायचे तर ‘सी’ची खालून डोकावणारी कड झाकावी लागेल, आणि सत्ता बदलली की गावाने किती काटकसरीने निष्ठा बदलली याचा एकुलता एक पुरावा त्या कडेतच आहे.

इथे प्रतिपक्षाच्या हाती एक चांगले उदाहरण आहे आणि ते टाळणे बरे नाही. सफोकमधल्या वेनहास्टन गावी मध्ययुगाच्या अखेरीस लाकडी फळ्यांवर अंतिम न्यायाच्या दिवसाचे चित्र रंगवलेले होते. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला आणि राजसत्तेपुढे मान तुकवावी अशा अर्थाची बायबलमधली वचने तिथे लिहिली गेली. राजचिन्हांसोबत हीच भाषा अनेक ठिकाणी आली. 1892 मध्ये चर्चची दुरुस्ती करताना त्या निरुपयोगी फळ्या उखडून आवारात टाकून दिल्या. रात्री पाऊस झाला, चुना वाहून गेला, आणि सकाळी लोकांनी पाहिले तर तराजू धरलेला देवदूत, नरकाचा उघडा जबडा आणि मुकुटाखेरीज अंगावर काहीही नसलेले राजे उघडे पडलेले. मध्यभागी मोकळ्या राहिलेल्या आकृत्या दिसतात, कारण तिथे एके काळी क्रूस आणि संतांच्या मूर्ती फळ्यांना टेकून उभ्या होत्या. वरचा थर गेला नसता तर हे चित्र कधी सापडले असते काय, असे विचारले जाते. नसते सापडले, हे खरे. पण या गोष्टीतून नेमके काय सिद्ध होते? 1892 मध्ये दोन्ही थरांवर जो निकाल लागला तो पावसाने लावला. तिथल्या कोणालाही खाली काय आहे याची कल्पना नव्हती. आज अवरक्त छायाचित्रण आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने खालचा थर वरच्याला हात न लावता बऱ्याच अंशी वाचता येतो. ज्या माहितीसाठी पूर्वी वरचा थर बळी द्यावा लागे, ती आता तो राखूनही मिळू शकते, आणि म्हणून खरवडण्याची निकड पूर्वीपेक्षा आज कितीतरी कमी आहे.

उजळवण्याच्या हौसेने इंग्लंडने पूर्वी एकदा किंमत मोजलेली आहे. व्हिक्टोरियाच्या काळात वास्तुविशारदांनी शेकडो चर्च ‘खऱ्या’ मध्ययुगीन रूपात आणण्याच्या नादात नंतरच्या शतकांचे गिलावे, बाके, सज्जे आणि फलक काढून फेकले. ट्यूक्सबरी ॲबी या जुन्या मठाच्या चर्चबाबतच्या अशाच बेताविरुद्ध कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस उभा राहिला आणि 1877 मध्ये त्याने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. पुनरुद्धारकांचा हेतू वाईट होता असे त्याचेही म्हणणे नव्हते. जे कधी अस्तित्वात नव्हते ते हे लोक बांधून ठेवतात, ही त्याची तक्रार होती. गोव्याच्या वाचकाला यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. व्हाइसरॉय जुआंव दि कास्त्रु याने 1547 मध्ये सुरू केलेली पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या चित्रांची मालिका, प्रत्येकाच्या कुलचिन्हासह, जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. या चित्रांवर शतकानुशतके ‘दुरुस्ती’ म्हणून रंग चढत गेले. त्यामुळे समोर दिसणारा चेहरा सोळाव्या शतकातला किती आणि नंतरच्या हौशी हाताचा किती, हा प्रश्न आता त्या मालिकेची पाठ सोडत नाही. रंग चढवणाऱ्या प्रत्येकाला आपण उपकार करीत आहोत असेच वाटत असणार.

आता दुसरी बाजू. जून 2020 मध्ये ब्रिस्टॉलच्या जमावाने गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा बंदरात ढकलला आणि चर्चमधल्या स्मारकांकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. 2021 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने वादग्रस्त वारशाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हा रोष पोकळ नाही. हॅचमेंटचा बहराचा काळ तोच ऊस-मळ्यांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कमाईचाही काळ होता. गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना दिली, आणि त्या मालकांची घराणी याच गावांतून नांदत होती. मराठी वाचकाला तर याहून जवळचे उदाहरण देता येईल. 1803 मध्ये लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव करणारा इंग्रजांचा सेनापती जनरल लेक पुढे उमराव झाला तेव्हा त्याने पदवीतच ‘दिल्ली आणि लासवारी’ ही नावे जोडून घेतली, आणि मुघल बादशहाच्या माहीमरातबातला, म्हणजे बादशाही मानचिन्हातला, मासा, अर्धा सोनेरी आणि अर्धा हिरवा, त्याच्या कुलचिन्हात जाऊन बसला. आपल्या पराभवाची ही खूण इंग्रजी ढालीवर पाहून मला सुख होत नाही. पण ती उतरवली तर मला काय मिळेल? लासवारीची लढाई काही परत फिरणार नाही. फक्त त्या लुटीने इंग्लंडमधला उमराव कसा घडला, हे इंग्लंडच्या माणसाला त्याच्याच गावात सांगणारी एक वस्तू कमी होईल.

स्मारक आणि स्मारक यांत भेद करावाच लागतो. डॉर्चेस्टरच्या सेंट पीटर चर्चमध्ये जॉन गॉर्डन याचा शिलालेख होता. जमैकातल्या गुलामांचे बंड मोडून काढल्याबद्दल त्यात त्याची चक्क स्तुती होती, आणि 2022 मध्ये तो संग्रहालयात हलवण्यास धर्मप्रांताच्या न्यायालयाने परवानगी दिली. मला तो निकाल योग्य वाटतो, कारण तिथे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला एक घृणास्पद वाक्य वाचावे लागत होते. त्याच वर्षी केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातून, गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवणाऱ्या टोबायस रुस्टॅट याचे स्मारक हलवण्यास मात्र नकार मिळाला, आणि त्यावर अजूनही दोन मते आहेत. हॅचमेंट या दोन्हींपेक्षा मूक आहे. त्यावर पराक्रमाची कथा नसते, सद्गुणांची यादी नसते. बहुधा ‘मी पुन्हा उठेन’ अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द असतो. फलक सांगतो ते एवढेच की अमुक घराण्यातले अमुक माणूस गेले आणि त्याची वार्ता लावण्याचा हक्क या घराण्याला गावाच्या प्रार्थनेच्या जागी होता. हा हक्क अन्याय्य होता, हे मी बिनशर्त मान्य करतो. पाद्री नेमण्याचा अधिकारही अनेक ठिकाणी त्याच जमीनदाराकडे असे, आणि पुढची बाके त्याची असत. मात्र ज्या इमारतीत हे घडले तिच्यातून त्याची खूण काढून घेतली, तर पुढच्या पिढीला ते कुठे कळणार? आणि एक बाब या वादात कोणीच बोलत नाही: ज्या गावांत मजुरांच्या थडग्यांवर दगडसुद्धा नाही, तिथे साध्या कारागिराच्या हातचे टिकून राहिलेले रंगकाम बऱ्याचदा हेच आहे.

विकण्याच्या सूचनेत तर कायद्याचाच विसर पडलेला असतो. चर्चमधले स्मारक सामान्यतः ज्याचे स्मारक त्याच्या वारसांच्या मालकीचे मानले जाते, आणि फलक काढायचा, विकायचा किंवा रंगवायचा तर धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते. हॅम्पशरमधल्या वूटन सेंट लॉरेन्सच्या चर्चने एका जुन्या थडग्यावरचे, सोळाव्या शतकाच्या आरंभीचे शिरस्त्राण विकण्याचा घाट घातला. ते तर अनेक वर्षे लीड्सच्या संग्रहालयात उसने दिलेले होते. तरीही 2014 मध्ये वरिष्ठ धर्मन्यायालयाने विक्रीची परवानगी रद्द केली. संग्रहालयात हवामान नियंत्रित असते आणि चोरीची भीती कमी असते, हे खरेच. पण दुय्यम चिताऱ्याने काढलेले हॅचमेंट संग्रहालयात गेले की दालनात लागत नाही, कोठारात जाते. पंधरा फुटांवरून वाचावे म्हणून रंगवलेली गोष्ट खणात आडवी पडून राहते.

मग करायचे काय? प्रशिक्षित संवर्धकाने फलक उतरवावा, मागची धूळ मऊ ब्रशने आणि मंद व्हॅक्यूम क्लीनरने काढावी, सुटू लागलेल्या रंगाच्या पापुद्र्यांखाली पातळ सरस सोडून ते बसवावेत, सैल कॅनव्हास हलकेच ताणावा, मागे संरक्षक पाठ लावावी, हे सगळे छायाचित्रांसह नोंदवावे आणि फलक परत त्याच खिळ्यावर चढवावा. जिथे रंग पूर्ण गळून गेला आहे आणि ते पांढरे ठिगळ डोळ्यांत खुपते, तिथेच तेवढ्या जागेत, पुढे पुसता येईल असा फिकट रंग भरायला माझी हरकत नाही. पुसता येण्यावर माझा भर आहे तो काही सोवळेपणातून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या कॅनव्हासच्या पाठीवर मेण आणि राळ यांचे गरम मिश्रण जिरवून नवा कॅनव्हास चिकटवणे ही सर्वमान्य पद्धत होती. 1974 मध्ये ग्रिनिचला भरलेल्या चित्रसंवर्धकांच्या परिषदेत असे अस्तर लावणे सध्या थांबवाच, अशी हाक देण्याची वेळ आली; तोपर्यंत असंख्य चित्रांचे रंग मेणाने गडद होऊन बसले होते, आणि ते मेण आता पूर्णपणे निघत नाही. हे करणारे त्यांच्या काळातले उत्तम तज्ज्ञच होते.

या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते छपराबद्दल. आठवडाभर थंडगार असलेली इमारत रविवारी सकाळी दोन तास झपाट्याने तापवली की लाकूड आणि कॅनव्हास आक्रसतात, रंग त्यांच्याबरोबर हलू शकत नाही, आणि पापुद्रे सुटतात. पन्हळात पाने अडकली की पाणी भिंतीत मुरते आणि नेमक्या हॅचमेंटच्या मागे बुरशी धरते. छपरावरचे शिसे चोरीला जाते. वटवाघळे कायद्याने संरक्षित आहेत (ती असावीतच), पण त्यांच्या मूत्राचे पांढरे डाग वॉर्निश खाऊन जातात. नॅचरल इंग्लंड ही सरकारी निसर्गसंस्था आणि चर्च संस्था यांना 2018 ते 2023 अशी पाच वर्षे एकत्र खपावे लागले तेव्हा काही चर्चमध्ये माणसे आणि वटवाघळे यांच्यात तडजोड झाली. फलक नव्याने रंगवायला देणगीदार मिळतो, कारण उद्घाटन करता येते आणि पितळी पाटी लावता येते. पन्हळ साफ करायला कोणी देणगी देत नाही. आणि सरकारचे धोरणही त्याच दिशेने गेले. वारसा-यादीतल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीवरचा 20 टक्के मूल्यवर्धित कर परत देणाऱ्या योजनेला 2025–26 या वर्षासाठी प्रत्येक इमारतीमागे 25,000 पौंडांची मर्यादा घालण्यात आली, म्हणजे सव्वा लाख पौंडांहून मोठे छपराचे काम निघाले तर वरच्या रकमेवरचा कर त्या वर्षी गावानेच सोसायचा होता. सिंहाला सोनेरी वर्ख लावावा की सिंहच उतरवावा यावर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी या मर्यादेविरुद्ध आपल्या खासदाराला एखादे पत्र तरी लिहिले असेल?